चार मिनिटं म्हणजे किती?

आज पहिल्यांदाच डंबेल घेऊन तबाता नावाचा व्यायाम केला. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबायचं, असे ८ राउंड. म्हणजे अवघी ४ मिनिटं. मनात म्हटलं, एवढ्यात काय होणार! तिसऱ्या राउंडला स्क्वॅटमधून उठताना मांड्या लटलटायला लागल्या, पाचव्याला घामाने डंबेल हातातून निसटायला लागलं, आणि ते १० सेकंद... दोन श्वास घेतले की संपले. टायमरचा तो ‘टीं’ आता झोपेतही ऐकू येणार.

जपानचे संशोधक इझुमी तबाता यांचा १९९६ चा मूळ प्रयोग सायकलवरचा. वजनं आपण मागाहून घुसवली. तिथेच माझं चुकलं. नेहमीचं जड वजन घेतलं, आणि दमल्यावर सहाव्या राउंडला पाठ वाकलीच. मग निमूटपणे अर्ध्या वजनावर आले. जड वजन उचलायचं तर दोन सेटच्या मध्ये २-३ मिनिटांची विश्रांती हवी, ते वेगळ्या दिवशीच बरं. (हे आधी कळत नव्हतं असं नाही, पण हौस!)

धाप एवढी लागली की बुटाची नाडी सोडायला वाकवेना. जमिनीवर आडवी पडलेली पाहून नवरा विचारतो, “झालं पण?”