आकड्याआधी लहर

आजच्या पानावर एवढंच: भुलेच्या मॉनिटरवरचा बीआयएसचा आकडा (भूल किती खोल आहे याचा अंदाज) सगळ्यात शेवटी बघायचा. आधी ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेची, कच्ची लहर, मग ईएमजीची, म्हणजे स्नायूंच्या विजेची, पट्टी, मग सिग्नलचा दर्जा, आणि मग आकडा. स्क्रीनची मांडणी मात्र नेमकी उलटी असते. आकडा ठळक, आणि तो जिच्यावरून काढला ती लहर कोपऱ्यात बारीकशी.

सुरुवात कपाळापासून. कपाळ स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. तेलकट किंवा ओल्या त्वचेवर सेन्सर लावला की पुढचा तासभर वैताग. चार गोलांपैकी पहिला कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या मुळापासून साधारण 5 सेंटिमीटर वर. चौथा भुवईच्या अगदी वर, तिसरा कानशिलावर, डोळ्याचा कोपरा आणि केसांची रेषा यांच्या मधे. आधी कडा चिकटवायच्या, मग एकेक गोल 5 सेकंद दाबून धरायचा. आतले बारीक दाते त्वचेच्या मृत थरातून जायला हवेत, त्यासाठी हा दाब. ईसीजी मिलिव्होल्टमध्ये मोजतात, ईईजी मात्र मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे कितीतरी क्षीण. संपर्क कच्चा राहिला तर कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं उपकरण) चालू होताच लहरीचं भजं होतं.

प्रोपोफॉल, म्हणजे शिरेतून द्यायचं भुलेचं औषध, जाऊ लागलं की पडद्यावर जे घडतं ते आकड्यापेक्षा कितीतरी बोलकं असतं. आधी क्षणभर जलद, बारीक बीटा लहरी. मग मोठ्या संथ लाटा येतात, आणि त्यांच्या पाठीवर 8 ते 12 हर्ट्झची अल्फाची झालर. जागेपणी डोळे मिटले की अल्फा डोक्याच्या मागच्या भागात दिसतो. प्रोपोफॉलखाली तो पुढे, कपाळाकडे सरकतो. संथ लाट आणि तिच्यावरचा हा अल्फा सोबत दिसत असले, तर नेहमीच्या शस्त्रक्रियेपुरती भूल लागली आहे असं धरायला हरकत नाही. त्याहून खोल गेलं की लहर तुटते: सपाट रेघ, मधेच उसळी, पुन्हा सपाट. हे बर्स्ट सप्रेशन. गेल्या 63 सेकंदांतला किती टक्के भाग सपाट होता, ते मॉनिटरवरचा एसआर (सप्रेशन रेशो) सांगतो. नेहमीच्या केसमध्ये तो शून्यच असायला हवा.

आता आकडा. 0 ते 100, भुलेसाठी 40 ते 60. तो मागच्या काही सेकंदांच्या ईईजीवरून, सरासरी काढून येतो, म्हणजे थोडा शिळाच. चीर देताना दिसणारा आकडा चिरेच्या आधीचा असतो.

फसवतात ते मुख्यतः स्नायू. कपाळाच्या स्नायूंची वीज 30 हर्ट्झच्या वर ईईजीत मिसळते आणि मॉनिटर तिलाच जागेपण समजतो. रिलॅक्सन्ट, म्हणजे स्नायू लुळे करणारं औषध, दिलं की आकडा खाली येतो. भूल तितकीच असते, फक्त कपाळ गप्प झालेलं असतं. याची दुसरी बाजू जास्त गंभीर. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 10 स्वयंसेवकांना भूल न देता फक्त रिलॅक्सन्ट दिलं. पूर्ण शुद्धीत असताना त्यांचे आकडे 40–60 च्या पट्ट्यात उतरले. रिलॅक्सन्ट दिलेल्या पेशंटमध्ये ‘50 आहे, झोपलाय’ हे वाक्य म्हणूनच पुरेसं नाही.

वयस्कर पेशंटमध्ये अल्फा मुळातच क्षीण असतो, त्यामुळे भूल पुरेशी असूनही आकडा चढा दिसू शकतो. त्याच्यामागे धावून औषध वाढवलं तर हाती येतं पडलेलं बीपी आणि बर्स्ट सप्रेशन. नायट्रस ऑक्साइड या भुलेच्या वायूने आकडा फारसा हलत नाही. डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधावर तो चांगला खाली असतो, तरी हाक मारल्यावर पेशंट डोळे उघडतो.

मग याचा उपयोग किती? 2004 च्या बी-अवेअर अभ्यासात, जास्त जोखमीच्या 2463 पेशंटांत, बीआयएस वापरलेल्या गटात 2 जणांना आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात 11 जणांना शस्त्रक्रियेदरम्यानची जाग आठवत होती. 2011 च्या बॅग-रिकॉल अभ्यासात तुलनेला श्वासातल्या भुलेच्या वायूचा अलार्म होता, 0.7 ते 1.3 मॅकच्या (वायूच्या मात्रेचं माप) बाहेर गेलं की वाजणारा. तिथे बीआयएस सरस ठरला नाही. यातून घ्यायचं ते हे, की वायूवर भूल असेल तर तो अलार्म बंद करायचा नाही. शिरेतून प्रोपोफॉलवर भूल असेल तर असा आधारच नसतो. पंप व्यवस्थित चालू दिसतो आणि सुई शिरेबाहेर निसटलेली असते. रिलॅक्सन्टसोबत अशी भूल असेल तर ईईजी हवाच, आणि कॅन्युला (शिरेतली सुई-नळी) लावलेला हात चादरीखाली झाकायचा नाही.

जाग असणं आणि ती आठवणं, हे दोन वेगळे हिशेब. टन्स्टॉल यांनी 1977 मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: रिलॅक्सन्ट देण्याआधी एका हाताचा बीपीचा कफ सिस्टॉलिकच्या (बीपीच्या वरच्या आकड्याच्या) वर फुगवायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही, मग ‘माझा हात दाबा’ म्हणायचं. 2017 च्या एका अभ्यासात श्वासनलिकेत नळी टाकल्यावर 260 पैकी 12 जणांनी सांगितल्यावर हात दाबला. नंतर विचारल्यावर कुणालाच काही आठवलं नाही.

प्रयोगशाळेत याहून पुढची मोजणी आहे. चुंबकीय स्पंदनाने मेंदूला टोचायचं आणि उमटणारा ईईजीचा प्रतिसाद किती गुंतागुंतीचा आहे ते पाहायचं. प्रोपोफॉलखाली हा निर्देशांक कोसळतो, केटामाइन या दुसऱ्या भुलेच्या औषधाखाली जागेपणाइतका राहतो. केटामाइनवरून उठलेले लोक लख्ख स्वप्नं सांगतात. ऑपरेशनच्या टेबलावर हे यंत्र आणणं मात्र अवघड. शेकडो स्पंदनं द्यावी लागतात.

केटामाइनचा छोटा डोस चालू भुलेतही आकडा वर ढकलतो. म्हणून तो दिल्याची वेळ लगेच चार्टवर लिहायची आणि केस हातात घेणाऱ्याला तोंडीही सांगायची. नाहीतर तो 68 बघून प्रोपोफॉल वाढवेल.