आपल्या शाळेच्या पायरीचा दगड आतून

आपल्या जुन्या इमारतीचं जोतं काळ्या दगडाचं आहे, पायऱ्या पण त्याच दगडाच्या, आणि मागच्या विहिरीचं बांधकामही. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाच वर्षं डबे खाल्ले पण दगडाकडे कोणी लक्ष दिलं नाही, काळा तो काळा, त्यात काय बघायचं. पुढे नागपूरला जिऑलॉजी घेतलं आणि आता पोटापाण्याचा धंदाच दगड बघण्याचा आहे, म्हणून शाळेच्या महोत्सव समितीने मनोगत मागितलं तेव्हा म्हटलं शाळेच्या आठवणी बाकीचे माजी विद्यार्थी छान लिहितीलच, मी या दगडाबद्दलच लिहिते. पायऱ्यांची डागडुजी झाली तेव्हा निघालेला एक तुकडा मुख्याध्यापक सरांनी मला दिला होता आणि त्याची मी थिन सेक्शन केली आहे, खाली जे लिहिलंय ते त्याच स्लाइडमध्ये बघून लिहिलंय.

थिन सेक्शन म्हणजे दगडाची इतकी पातळ चकती की तिच्यातून उजेड आरपार जातो. डायमंड कटरने एक काप काढायचा, त्याची एक बाजू काचेच्या प्लेटवर कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून घासून गुळगुळीत करायची, ती बाजू काचपट्टीला चिकटवायची (पूर्वी कॅनडा बाल्सम वापरायचे, आता इपॉक्सी) आणि मग दुसरी बाजू घासत बसायचं, ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. वहीच्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी जाडी झाली ही. आणि जाडी मोजायला पट्टी चालत नाही, ती मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या रंगावरून ओळखावी लागते. ग्रॅनाइट असेल तर त्यातला क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) बघायचा, आपल्या पायरीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा, त्यात क्वार्ट्झ सहसा नसतो म्हणून प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार गटातलं खनिज बघायचं, ते पिवळं-नारिंगी दिसतंय म्हणजे चकती अजून जाड आहे, राखाडी-पांढरं झालं की हात थांबवायचा, नाहीतर दोनचार फेऱ्यांत सगळा दगड पाण्याबरोबर निघून जातो. १८४९ मध्ये शेफील्डच्या हेन्री सॉर्बी या संशोधकाने दगडाच्या अशा चकत्या करून मायक्रोस्कोपखाली धरायला सुरुवात केली तेव्हा लोक हसले होते त्याला, डोंगर कोणी मायक्रोस्कोपने बघतं का म्हणून. आज तीच पद्धत जगभर चालते.

आता मायक्रोस्कोप. शाळेत आपण कांद्याची साल बघायचो तसलाच, फक्त याच्यात दोन पोलरायझर असतात, एक स्टेजच्या (स्लाइड ठेवायच्या चकतीच्या) खाली आणि एक वर, आणि स्टेज गोल फिरते. खालचा पोलरायझर उजेडाला एकाच दिशेत कंप पावू देतो, वरचा त्याच्या बरोबर काटकोनात असतो, त्यामुळे मध्ये काहीच नसेल तर सगळा अंधार. दोघांच्या मध्ये खनिज आलं की बहुतेक वेळा ते उजेडाचे दोन भाग करतं, एक जलद जातो एक हळू, आणि बाहेर पडून वरच्या पोलरायझरमध्ये ते परत एकत्र आले की दोघांमध्ये जो फरक पडलेला असतो त्याचे रंग दिसतात. स्टेज पूर्ण एक फेरी फिरवली की असा प्रत्येक कण चार वेळा काळा होतो, नव्वद-नव्वद अंशांवर, याला एक्स्टिंक्शन म्हणतात. खनिज, जाडी आणि रंग यांचा हिशोब मिशेल-लेव्ही नावाच्या फ्रेंच माणसाने १८८८ मध्ये एका रंगीत तक्त्यात मांडला, तो तक्ता प्रत्येक लॅबच्या भिंतीवर असतो.

आपल्या पायरीच्या स्लाइडमध्ये वरचा पोलरायझर बाहेर काढून ठेवला तर सगळं फिकट दिसतं, रंगहीन काड्या, मधे मधे तपकिरी कण, आणि काही ठिपके ठार काळे. वरचा आत सरकवला की त्या काड्यांमध्ये काळे-पांढरे पट्टे उमटतात, स्टेज फिरवली की काळे पट्टे पांढरे होतात आणि पांढरे काळे, हा प्लॅजिओक्लेज, याला दुसरी कोणती खूण लागतच नाही. तपकिरी कण एकदम निळे, गुलाबी, पिवळे होतात, त्यांच्यात जवळपास काटकोनात छेदणाऱ्या चिरा दिसतात आणि चिरेशी चाळीसेक अंशांचा कोन करून ते काळे पडतात, हा ऑजाइट. (दुसऱ्या दगडांत हॉर्नब्लेंड भेटतो, त्याच्या चिरांमधला कोन ५६ आणि १२४ अंश, आणि एकच पोलरायझर ठेवून फिरवला तरी हिरव्याचा तपकिरी होतो, त्यामुळे गोंधळ होत नाही.) वरचा पोलरायझर असो-नसो, काळेच राहणारे ठिपके ते मॅग्नेटाइट-इल्मेनाइट, लोखंडाची खनिजं, उजेड जातच नाही त्यांच्यातून. उरलेल्या सांदीकोपऱ्यात काच आहे, म्हणजे लाव्हा इतक्या पटकन थंड झाला की शेवटच्या थेंबांना स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि तिच्यावर आम्ही पोळी-भाजी खात बसायचो!

आता शाळेची गोष्ट. आपल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमाबद्दल फार कडक होत्या. उत्तर सगळ्यांना पुस्तकातून आधीच माहीत असायचं आणि मुलं थेट अनुमान लिहून मोकळी व्हायची, बाई ते पान परत लिहायला लावायच्या, म्हणायच्या आधी काय दिसलं ते लिही, काय आहे ते मग सांग. खनिज ओळखणं अख्खं याच्यावर उभं आहे. रंग, आकार, चिरा, रिलीफ (कण आजूबाजूपेक्षा किती उठून दिसतो ते), फिरवल्यावर रंग बदलतो का, किती अंशांवर काळं पडतं, एवढं सगळं वहीत उतरवायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. ज्यांना नाव आधी सुचतं त्यांना पुढे तेच दिसायला लागतं, हे मी नव्याने येणाऱ्या मुलामुलींमध्ये नेहमी बघते, आणि दरवेळी बाई आठवतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. शाळेची सहल लोणारला जायची, गोमुखाला हात-पाय धुवायचे, दैत्यसुदन मंदिर बघायचं, सरोवराच्या काठावर ओळीने उभं राहायचं. एमएस्सीला असताना डिपार्टमेंटच्या संग्रहातली लोणारची एक स्लाइड माझ्या हातात आली. एकाच पोलरायझरमध्ये अगदी आपल्या पायरीसारखाच दगड, त्याच प्लॅजिओक्लेजच्या काड्या, कडा शाबूत, आकार शाबूत. वरचा पोलरायझर सरकवला आणि त्या काड्या पूर्ण काळ्या. स्टेज कितीही फिरवा, पट्टे नाहीत, राखाडी नाही, काहीच नाही. मी वहीत तेवढंच लिहिलं, आकार प्लॅजिओक्लेजचा, प्रकाशाशी वागणं काचेचं, आणि सरांना दाखवलं. ते मॅस्केलिनाइट होतं. अशनी आदळला तेव्हा जो धक्का बसला त्याने प्लॅजिओक्लेजच्या आतली अणूंची रचना मोडली पण काडीचा बाहेरचा आकार तसाच राहिला. हे मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या अशनीत, व्हिएन्नाच्या चेरमाक या खनिजशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि तो अशनी मंगळावरून आलेला आहे हे आता माहीत झालंय. म्हणजे मंगळावरच्या दगडात जे दिसतं तेच आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या दगडात दिसतं, आणि आम्ही त्या काठावर उभं राहून फोटो काढून परत यायचो! लोणारच्या पाटीवर उल्कापात एवढं वाचून पुरत नाही, हे एकदा डोळ्याने बघायला पाहिजे असं मला फार वाटतं.

माझं रोजचं काम इतकं मोठं नाही पण मला ते तेवढंच प्रिय आहे. पूल, धरण, रस्ता यांच्या काँक्रीटमध्ये जी खडी जाते तिच्या थिन सेक्शन करून बघायच्या. बेसॉल्टच्या खडीत काच किती, पोकळ्यांमध्ये कॅल्सेडोनी (क्वार्ट्झचाच अगदी बारीक कणांचा प्रकार) भरलीय का, आणि ग्रॅनाइटची किंवा नाइस या पट्टेदार दगडाची खडी असेल तर क्वार्ट्झ एकदम काळा पडतो की सावली सरकल्यासारखा हळूहळू. हळूहळू पडत असेल तर त्याच्यावर पूर्वी ताण आलेला आहे, आणि असा क्वार्ट्झ किंवा कॅल्सेडोनी सिमेंटमधल्या अल्कलीशी वर्षानुवर्षं रिअ‍ॅक्शन करत राहते, काँक्रीट फुगतं, तडे जातात. वरून खडी एकदम टणक आणि छान दिसते, म्हणून ठेकेदारांना हा खर्च फुकटचा वाटतो, पण मी तरी कधी सोडत नाही.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक करून बघण्यासारखं सांगते, मायक्रोस्कोप लागत नाही. कॉम्प्युटर रूममधल्या लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवरून येणारा उजेड पोलराइज झालेलाच असतो. स्क्रीन पांढरी करा, पोलराइज्ड गॉगलची काच समोर धरून फिरवा, एका ठिकाणी स्क्रीन काळी होईल. आता जुन्या इस्त्रीच्या एलिमेंटमधला अभ्रकाचा तुकडा दोघांच्या मध्ये धरा आणि फिरवा, रंग दिसतील. अभ्रकाचा एकेक पापुद्रा सोलत जा, रंग बदलत जातील. किती पापुद्रे काढल्यावर कुठला रंग आला ते प्रयोगवहीत निरीक्षणाखाली लिहून ठेवा, महोत्सवाला येताना मी मिशेल-लेव्हीचा तक्ता आणि वरच्या दोन्ही प्रकारच्या स्लाइड घेऊन येणार आहे, तेव्हा ताडून बघू.