चाळीसला टॉप? चार गिअरच्या मारुती ८०० साठी नको

‘चाळीसला टॉप टाका, पेट्रोल वाचतं’, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरलाच चौथा गिअर टाका, हा सल्ला अजून ऐकू येतो. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), चार गिअरच्या ८०० ला तो सपाट, मोकळ्या रस्त्यावर आणि गाडीत एकटा ड्रायव्हर असेल तरच लागू पडतो. ४० च्या वेगाला टॉपमध्ये तिचं ७९६ सीसीचं एंजिन जेमतेम १६०० आरपीएमवर (मिनिटाला १६०० फेरे) फिरतं, आणि त्याची खरी ओढ २५०० च्या आसपास आहे. एवढ्या खाली टॉपमध्ये पाय दाबला की गाडी पळत नाही, नुसती थरथरते.

म्हणून आधीचा गिअर किती वेगाला सोडला यापेक्षा पुढचा गिअर किती आरपीएमवर पकडला ते बघायचं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम जवळजवळ चाळीस टक्के पडतात: ३००० वर सोडला तर तिसरा १८०० च्या जरा वर पकडतो. तेवढं एंजिनाला पुरतं. पहिल्यातून दुसऱ्यात पडझड तशीच, तिसऱ्यातून टॉपमध्ये थोडी कमी.

या गाडीत आरपीएमचा काटा नाही, तेव्हा स्पीडोमीटरवरूनच ठरवावं लागतं. दोन माणसं आणि सपाट रस्ता असेल तर दुसरा १५-१८ ला, तिसरा ३० ला, टॉप ५० ला. चार माणसं किंवा एसी चालू असेल तर प्रत्येक ठिकाणी पाचेक किलोमीटर उशिरा. जुन्या केबलचा काटा नाचत असेल तर कानावर भरवसा ठेवा. गिअर टाकल्यावर पाव ॲक्सिलरेटरवर आवाज घुमला, डॅशबोर्ड थरथरला, तर घाई झाली. लगेच खालचा गिअर.

दबलेल्या एंजिनात पाय खोल दाबणं सगळ्यात वाईट. थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडतो, पण हवेला वेग नसतो, त्यामुळे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बारीक फवारून येत नाही आणि गचके बसतात. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं पुढे असेल तर वर टिकटिक नॉकिंगही. तेच रोज चाललं तर बेअरिंग आणि पिस्टन मार खातात. पेट्रोल वाचत नाहीच.

घाटात गाडीचा वेग पडायला लागायच्या आधी गिअर उतरवा. तिसऱ्यात वेग ३५ च्या खाली येऊ लागला की दुसरा. २० पर्यंत थांबलात तर दुसऱ्यातही जीव उरत नाही आणि मग हाफ क्लचवर ओढत बसावं लागतं. क्लच प्लेट तिथेच जळते. उतारावर जुन्या ड्रायव्हरांचाच नियम: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल अजिबात नको, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत.

दुसरा टाकताना ‘कर्र’ होत असेल तर सिंक्रो रिंग (गिअरांचे वेग जुळवणारी कडी) झिजली आहे. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून टाका. खालचा गिअर घेताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून हलकी रेस द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर. थंड गाडीत पहिला एखादा किलोमीटर दुसरा जड जाणारच, तेव्हा जोर लावू नका. गरम झाल्यावरही सगळेच गिअर करकरत असतील तर गिअरबॉक्स उघडण्याआधी क्लच केबल बघा. पेडल दोनेक सेंटिमीटरच मोकळं हवं; त्याहून जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. दहा मिमीच्या पान्याचं काम, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणारे मेकॅनिकही आहेत.