चौथा चरण खाली पडतो

चाळिशी लागली की माणूस आधी पुस्तक लांब धरतो, मग दिव्याला नावं ठेवतो आणि शेवटी दुकानात जाऊन विचारतो, "मोठ्या टाइपातलं काही आहे का हो?" दुकानदार सरळ पोथ्यांच्या कपाटाकडे वळतो. ज्ञानेश्वरी, दासबोध, गुरुचरित्र, म्हणाल ते. कादंबरी मागितलीत तर नुसता बघत राहतो. डोळे अधू झाले म्हणजे गिऱ्हाईक परमार्थाला लागलं, असा साधा हिशेब.

बरं, ज्ञानेश्वरी घ्या, पण उघडून बघून. ओवी दोन ओळींत मावायला हवी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. टाइप वाढवला आणि पान होतं तेवढंच ठेवलं, की या चौथ्यातला शेवटचा शब्द घरंगळून तिसऱ्या ओळीवर एकटा जाऊन बसतो. नऊ हजारांवर ओव्या, तेवढ्याच ठेचा. पोथी आडवी असते ती काही उगाच नाही.

१२ पॉइंटचा टाइप १८ केला तर उंची दीडपट, रुंदी दीडपट, म्हणजे जागा सव्वादोनपट. ३०० पानांचं पुस्तक ६७५ पानांवर जातं. मग काटकसर सुरू. कागद पातळ घेतला की मागच्या पानावरची अक्षरं पुढे डोकावतात. ओळींमधलं अंतर खाल्लं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जाईल, आपल्याकडे नाही. आणि बांधणी नुसत्या डिंकाची असली तर एवढं जाडजूड पुस्तक मांडीवर उघडं राहतच नाही, घडीजवळचे शब्द आत गडप होतात. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेलेच हवेत.

सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्याऐवजी नुसतं ठळक छापणं. शाई पसरून शिरोरेषेतली फट बुजली की 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. 'ध'चा 'मा' करायला दर वेळी आनंदीबाईच लागते असं नाही.

इंग्लंडात फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ साली मोठ्या टाइपातल्या पुस्तकांचा उद्योग सुरू केला तो कादंबऱ्यांपासून. रहस्यकथेला काळं वेष्टन, काउबॉयच्या गोष्टींना नारिंगी, म्हणजे कपाटापाशी चष्मा लागायला नको. पहिली पुस्तकं नकाशाच्या पुस्तकाएवढी झाली, म्हाताऱ्या मनगटांना पेलेनात. १९६९ साली ते १६ पॉइंट आणि नेहमीच्या आकारावर आले.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क सुटतात, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच मोकळ्या झाल्या. कुणीही उठून १८ पॉइंटात छापाव्यात.

तोवर भिंग. त्याखाली एका वेळी दीड ओळ दिसते, आणि चहा आला की तीही हरवते.