जवाच्या पाच भाकरी आणि हायडेलबर्गचा प्राध्यापक

कॅथलिक चर्चमधल्या रविवारच्या बायबल-वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं 'ब' वर्ष आलं की जुलैच्या शेवटी, ऐन पावसात, गोव्यातल्या इगर्जींत (चर्चमध्ये) योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय सुरू होतो आणि साधारण पाच रविवार तोच चालतो. पहिल्या रविवारी जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे. पाच हजार पुरुष जेवतात, बारा टोपल्या तुकडे उरतात. मग शेर्मांवात, म्हणजे मिसेच्या उपासनेतल्या प्रवचनात, पुष्कळदा असा खुलासा येतो: शिदोरी लोकांकडे होतीच, पण जो तो लपवून बसला होता. एका पोराने आपली पुढे केली, सगळ्यांना लाज वाटली, प्रत्येकाने पिशवी सोडली आणि सगळ्यांना पुरलं. खरा चमत्कार तो वाटून खाण्याचा.

ऐकायला गोड. दोतोर्नच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गातल्या पोरांना पटतं, आणि मित्राच्या घरच्या मिसेला आलेल्या हिंदू शेजाऱ्यालाही. फक्त हा खुलासा बायबलमधला नाही. चर्चच्या परंपरेतलाही नाही. हाइनरिश पाउलुस नावाच्या हायडेलबर्गच्या प्राध्यापकाने १८२८ साली येशूचं चरित्र छापलं, त्यात तो सापडतो. निसर्गाचे नियम मोडत नाहीत, हे पाउलुसचं गृहीतक. म्हणजे शिष्यांनी पाहिलं ते खरं, पण त्यांना कळलं चुकीचं. येशू पाण्यावर चालला? नाही, धुक्यात काठावरून चालत होता. भाकरी वाढल्या? नाही, श्रीमंतांनी आपली शिदोरी काढली. पाउलुसच्या मागे तत्त्वज्ञ ह्यूमचं १७४८ चं चमत्कारांवरचं प्रकरण, आणि त्याच्याही मागे १६७० चा तत्त्वज्ञ स्पिनोझा, दोघेही चमत्कारांवर शंका घेणारे.

गंमत अशी की या खुलाशाच्या चिंध्या केल्या त्या एका अश्रद्धानेच. डेव्हिड श्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने १८३५ साली दाखवून दिलं की पाउलुस मूळ मजकुराला वाकवतो. श्ट्राउसच्या मते ही कथा म्हणजे मिथक. ते मत चर्चला मान्य होण्यासारखं नव्हतंच. पण मजकूर नीट वाचण्यात तो पाउलुसपेक्षा प्रामाणिक होता.

पडताळा घरी घेता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. योहान ६:७ मध्ये फिलिप म्हणतो, दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी; अर्धं वर्ष राबल्याची रक्कम तो हिशोबात धरतो. नवव्या ओवीत भाकरी जवाच्या असल्याचं मुद्दाम सांगितलंय. ते का, हे २ राजे ४:४२ ते ४४ उघडलं की कळतं: अलीशा संदेष्टा जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसं जेवू घालतो. पंधराव्या ओवीत लोक येशूला धरून राजा करायला निघतात. शेजाऱ्यांनी आपापल्या पिशव्या सोडल्या म्हणून कोणी कोणाला राजा करत नाही. आणि लपवलेली शिदोरी चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. ती वरून घातलेली आहे.

आधुनिक विचार चर्चमध्ये येतो तो असा, मागच्या दाराने. नास्तिकांचा वाद ऐकून गोव्यात फारसं कोणी मिस सोडत नाही. पण शब्द आणि खुलासे आत येतात, आणि आणणाऱ्याला ते कुठले हे ठाऊक नसतं. आत घेणं हा गुन्हा नव्हे. चर्चने आयुष्यभर तेच केलंय. चर्चच्या ईशशास्त्रातली द्रव्य आणि गुण ही भाषा ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलची, आणि तो काही मिसेला जात नव्हता. घोळ होतो तो न चाळता घेतलं की.

चाळायला रोमला वेळ लागला. १८६४ साली पोप नवव्या पायसने ऐंशी चुकांची यादी काढली. पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी जुळवून घ्यावं, हीच तिच्यातली ऐंशीवी चूक. १९०७ साली आधुनिकतावाद्यांच्या, म्हणजे श्रद्धेला आधुनिक विचारांशी जुळवू पाहणाऱ्यांच्या, पासष्ट विधानांवर बंदी आली. १९१० पासून १९६७ पर्यंत पाद्री होणाऱ्या प्रत्येकाला आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे. गोव्यातल्या रायतूरच्या सेमिनरीतून (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयातून) बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्या त्यात आल्या. पण मधेच १९४३ साली बाराव्या पायसने बायबल वाचताना त्या काळचे साहित्यप्रकार ध्यानात घ्या असं सांगितलं, आणि १९९३ साली रोमच्या बायबल आयोगाने ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत अपरिहार्य ठरवली. पद्धत ठेवली, 'चमत्कार घडूच शकत नाहीत' हे गृहीतक टाकलं. पाउलुसचा खुलासा सांगणारा पाद्री नेमकं उलटं करतो: पद्धत वापरत नाही, गृहीतक मात्र उचलतो.

भाकरींपेक्षा लग्नात हे जास्त स्वच्छ दिसतं, कारण तिथे कायद्याचा मजकूर आहे. जुन्या आणि नव्या कलमांतला फरक बोट ठेवून दाखवता येतो.

गोव्यात कॅथलिक जोडप्याला इगर्जीच्या आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावं लागतं. तिथे इरादा जाहीर करून पहिली सही, हरकतींसाठी मुदत, मग रजिस्ट्रारचा दाखला विगाराकडे, म्हणजे इगर्जीच्या मुख्य पाद्रीकडे. हा पोर्तुगीज काळाचा वारसा. लिस्बनमध्ये १९१० च्या ऑक्टोबरात राजा गेला, आणि डिसेंबरात लग्न हा निव्वळ नागरी करार असल्याचा कायदा आला. चर्चने त्या 'निव्वळ' शब्दावर कडाडून हरकत घेतली. करार शब्दावर नाही, कारण तिच्या स्वतःच्या कायद्यातही लग्न करारच होतं, आणि कसलं रोखठोक! चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेतलं कॅनन (कलम) १०८१ सांगतं की संमती म्हणजे संततीला योग्य अशा कृतीसाठी एकमेकांच्या शरीरावरचा कायमचा, अनन्य हक्क देणं आणि घेणं. कॅनन १०१३ मध्ये उद्देशांची उतरंड: पहिला मुलं जन्माला घालणं आणि वाढवणं, दुसरा एकमेकांना आधार आणि वासनेवर उतारा.

आता १९८३ ची संहिता घ्या. कॅनन १०५७: स्त्री-पुरुष स्वतःला एकमेकांना देतात आणि स्वीकारतात. शरीरावरचा हक्क गेला, माणूस आला. कॅनन १०५५ मध्ये पतिपत्नींचं भलं आणि संतती शेजारी शेजारी, पहिला-दुसरा नाही, आणि सुरुवातीचा शब्द करार नसून 'फोएदुस', बायबलमधल्या करारासाठीचा, देव आणि इस्राएल यांच्यातल्या नात्याचा. मराठीत दोन्हींना करारच म्हणतात, त्यामुळे भाषांतरात हा अख्खा बदल गिळला जातो.

मधल्या सहासष्ट वर्षांत जे घडलं त्याला पर्सनॅलिझम, म्हणजे व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारा विचार, म्हणतात. माणूस हे कधीच नुसतं साधन नव्हे, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं १७८५ चं सूत्र. तोच कांट, ज्याचा मुख्य ग्रंथ १८२७ पासून रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होता. १९३५ साली हर्बर्ट डोम्स नावाच्या जर्मन पाद्रीने लग्नाचा अर्थ आधी दोघांच्या एकत्वात शोधा असं लिहिलं. १९४४ साली रोमने ही मांडणी नाकारली. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लग्नाला 'जीवनाची आणि प्रेमाची जवळची सहभागिता' म्हटलं. एकवीस वर्षांत नकारापासून इथपर्यंत. मात्र मुलांना नकार देऊन केलेलं लग्न आजही अवैध ठरतं, म्हणजे जुना उद्देश पुसलेला नाही, फक्त उतरंड गेली. लग्नपूर्व कोर्समध्ये हा शेवटचा भाग घाईत उरकतात, आणि जोडप्यांचा समज होतो की चर्चचं म्हणणं आता 'प्रेम असलं की झालं'.

१९८३ च्याच संहितेतलं कॅनन १०९५ मानसशास्त्राचं ऋण उघड मान्य करतं. तीन कारणांनी संमती देण्याची क्षमताच नसू शकते: बुद्धीचा पुरेसा वापर नसणं; लग्नाच्या हक्क-कर्तव्यांबद्दल सारासार विचाराची गंभीर उणीव; आणि मानसिक स्वरूपाच्या कारणांमुळे लग्नाच्या मूलभूत जबाबदाऱ्या पेलता न येणं. अशा दाव्यात चर्चच्या न्यायसभेने तज्ज्ञाचं मत घ्यायचं असतं, उघडपणे निरुपयोगी असेल तेव्हाच वगळायचं. बिघडतं ते इथे. तज्ज्ञ लिहितो 'अपरिपक्व', अर्जदार मानतो लग्न रद्द. पण मानसशास्त्रात परिपक्वता म्हणजे वाढीचा शेवटचा टप्पा. कायद्याला हवी असते ती किमान पातळी. १९८७ साली दुसऱ्या जॉन पॉलने रोमच्या न्यायाधीशांना हेच बजावलं: लग्न रद्द होतं ते अक्षमतेने, अडचणीने नव्हे. २०१५ पासून पहिल्या निकालावर दुसऱ्या न्यायसभेची मोहोर लागत नाही, त्यामुळे ही रेघ पहिल्याच न्यायसभेने नीट ओढायला हवी.

धर्मस्वातंत्र्याची कथा याच वळणाची, म्हणून एका ओळीत: १८६४ ला चूक, ७ डिसेंबर १९६५ ला परिषदेची अधिकृत शिकवण, २३०८ मतं बाजूने, ७० विरोधात.

चाळणीतून न गेलेल्या शब्दाचं उदाहरण म्हणजे 'मूल्य'. चर्चच्या शाळांत कॅथलिक मुलं दोतोर्नला बसतात, बाकीची मूल्यशिक्षणाला. निवडणूक आली की 'ख्रिस्ती मूल्ये' पत्रकांत उतरतात. मध्ययुगातला मोठा ईशशास्त्रज्ञ थोमस आक्विनास या अर्थाने हा शब्द वापरत नाही. त्याच्याकडे सद्गुण आहेत, मोजून सात: शहाणपण, न्याय, धैर्य, संयम, आणि वर श्रद्धा, आशा, प्रेम. मूल्य हा शब्द अर्थशास्त्रातून जर्मन तत्त्वज्ञानात आला तो एकोणिसाव्या शतकात, लोट्झेच्या हातून. नीत्शेने तो उलटापालटा केला, शेलरने त्यावर नीतिशास्त्र उभारलं. कारोल वोयतिवा, पुढचा दुसरा जॉन पॉल, याने आपला प्रबंध शेलरवरच लिहिला आणि निष्कर्ष काढला: पद्धत मदतीला चालेल, पण ख्रिस्ती नीतीचा पाया म्हणून ही व्यवस्था चालणार नाही. पाया नाकारला तरी शब्द राहून गेला.

आणि मूल्य म्हणजे मराठीत किंमतही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसाची (गोव्याच्या सॉसेजची) किंमत घेणारा ठरवतो, न पटल्यास पुढे जातो. संयमाचं तसं नाही. तो सवयीने अंगी येतो, नाहीतर येत नाही. म्हणून एक साधी कसोटी लावता येते. 'आम्ही ख्रिस्ती मूल्ये जपतो' असं वाक्य दिसलं की मूल्याच्या जागी सातांपैकी एक नाव घालून वाचायचं. 'आम्ही न्याय जपतो' म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो: स्वयंपाकघरातल्या बाईला पगार किती? वाक्य टिकलं तर ठेवावं.

रायतूरलाच १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. त्याने स्वर्गासाठी थेट वैकुंठ शब्द घेतला, पण मग हजारो ओव्या खर्चून त्या वैकुंठात कोण आहे आणि कोण नाही ते सांगितलं. मूल्य शब्दासाठी तेवढी मेहनत कोणी घेतलेली दिसत नाही. रायतूरला आजही आधी तत्त्वज्ञान, मग ईशशास्त्र. चर्चचा कायदा तत्त्वज्ञानाला किमान दोन पूर्ण वर्षं देतो. पण शिकवलेला कांट परीक्षेपुरता राहिला आणि शेर्मांव मोबाईलवर आलेल्या तयार मजकुरातून निघाला, तर ती दोन वर्षं कपाटातच राहतात.

शेवटी सिमितीचा, म्हणजे दफनभूमीचा, प्रश्न, कारण हल्ली तो वारंवार विचारला जातो: कॅथलिक माणसाला दहन चालतं का? चालतं, १९६३ पासून. १८८६ ची बंदी आगीवर नव्हती. इटलीत मुक्तविचारवादी आणि फ्रीमेसन मंडळी पुनरुत्थान नाकारण्याची खूण म्हणून दहनाचा प्रचार करत होती, बंदी त्या अर्थावर होती. म्हणून कॅनन ११७६ आजही कारण विचारतं: ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधात जाऊन दहन निवडलं असेल तर नाही. रोमच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख पवित्र जागी ठेवायची, घरी नाही. वाटायची नाही, समुद्रात किंवा हवेत सोडायची नाही, लॉकेटात घालायची नाही. २०२३ च्या डिसेंबरात थोडी सूट आली: मृताला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या जागी राखेचा अगदी लहानसा अंश ठेवू देण्याचा विचार चर्चचा अधिकारी करू शकतो, माणूस निसर्गात विरघळून एकरूप झाला असा अर्थ त्यातून निघत नसेल तर. त्यामुळे मिरामारच्या किनाऱ्यावर अस्थी सोडायचा विचार असलेल्या घराने आधी विगाराला भेटावं, आणि 'बाबांना समुद्र आवडायचा' एवढंच कारण असेल तर तसंच सांगावं. समुद्र तरीही मिळणार नाही. पण तो लहानसा अंश मागता येईल, आणि तेव्हा विगार विचारेल तो हाच प्रश्न: का?