पिशवीतल्या पाण्याचा आकडा : ॲनिमोन घरी रुजवतानाचा माझा अनुभव

बबल टिप ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी, आमच्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत आता छान रुजला आहे. पण तो आणतानाचा अनुभव लिहायला बसले की माझं मन एकाच प्रश्नाशी अडतं: दुकानातल्या टाकीची सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, किती होती? मी दुकानात उभी राहून विचारलं, आधी फोनवर विचारलं होतं, मेसेजही केला होता. उत्तर ठरलेलं. "मॅडम, सब सेम है, समंदर का ही पानी है." मला अजूनही राग येतो, कारण त्या एका आकड्यावर त्या जिवाचं जगणं अवलंबून असतं.

आधीचं भराभर सांगते. टाकी साधारण 200 लिटरची, मुलुंडला आमच्या हॉलमध्ये, चांगली मुरलेली. ॲनिमोन आणण्याआधी टाकी निदान सहा महिने चाललेली असावी असं जाणकार सांगतात आणि ते मनापासून पटतं. नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट (प्राण्यांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) शून्यावर आले तरी पाणी स्थिर झालेलं नसतं. माझ्याकडे तापमान 26 अंश, सॅलिनिटी 1.025 (गोड्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड, तो हा आकडा; गोडं पाणी 1.000). मुंबईच्या उन्हाळ्यात 26 अंश राखायचे तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच, पंख्यावर भागत नाही. पाणी आरओचं, आणि आरओच्या पुढे डीआय रेझिनही (उरलेसुरले क्षार शोषून घेणारे दाणे) हवं. त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम तयार सागरी मीठ. काही जणांनी सुचवलं की जुहूहून कॅन भरून आणा. कृपा करून आणू नका. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो.

दुकानात ॲनिमोन नीट पाहून निवडला. तोंड घट्ट मिटलेलं, रंग तपकिरी-हिरवट, बोटाला चिकटणारे टेंटॅकल्स (तोंडाभोवतीच्या लवचिक सोंडा), खालचा पाय कुठेही फाटलेला नाही. पांढराफटक दिसणारा कितीही सुंदर वाटला तरी घेऊ नका. त्याच्या अंगातली शेवाळं निघून गेलेली असतात आणि प्रकाशातून त्याला मिळणारं अन्न तीच तयार करतात. पाय काचेला किंवा दगडाला धरून असेल तर दुकानातल्या मुलाला ओढू देऊ नका, फाटलेला पाय सडतो. मी त्या मुलाला नखाने कडेकडेने हळूहळू सोडवायला लावलं आणि तो वैतागला तरी तिथून हलले नाही.

पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून सीएसएमटीहून दुपारची मोकळी लोकल पकडली. घरी आल्याबरोबर पिशवीतल्या पाण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर, टाकला.

1.019.

माझ्या टाकीत 1.025. म्हणे सब सेम!

दुकानं असं का करतात तेही सांगते. सॅलिनिटी खाली ठेवली की माशांवरच्या परजीवींचा जोर कमी होतो, शिवाय मीठ वाचतं. मासे ते सोसतात, कारण त्यांचे कल्ले आणि मूत्रपिंडं शरीरातलं मीठ सांभाळतात. ॲनिमोनकडे यातलं काहीही नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट तितकंच त्याचं आतलं पाणी. एकदम जास्त खारट पाण्यात टाकला की त्याच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो आक्रसतो. ओहोटीला हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांत दिसणारे छोटे ॲनिमोन ऊन, पाऊस, गोडं पाणी सगळं झेलतात, पण बबल टिप हा प्रवाळखडकांवरचा प्राणी, तिथलं पाणी वर्षभर जवळपास सारखं असतं. (खडकांवरचे उचलून आणायचा मोह झाला तर आवरा, ते तिथेच राहू द्या.) मग माशांच्या टाक्यांतून फिरणाऱ्या त्याच पाण्यात ॲनिमोन ठेवायचा आणि गिऱ्हाईक आकडा विचारतंय तर तोही सांगायचा नाही, याला काय म्हणावं? मी सूट मागत नव्हते. फक्त एक आकडा मागत होते. मार्करने पिशवीवर लिहायला एक क्षण लागतो.

आणि खरी अडचण इथून पुढची आहे. खारेपणा वाढवायचा तर सावकाश वाढवावा लागतो. पण पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो, तिथे मात्र घाई करावी लागते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजणारा आकडा) उतरतो आणि तोवर अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे त्याच पाण्यात तासन् तास थेंब सोडत बसणं धोक्याचं.

मी असं केलं, आणि याचा मला अभिमान आहे. स्वच्छ बादलीत माझ्या टाकीचं दीड लिटर पाणी घेतलं आणि त्यात अर्धा लिटर आरओ-डीआय पाणी मिसळलं. 1.025 चं पाणी तीनास एक पातळ केलं की बरोबर 1.019 च्या आसपास येतं, मोजून खात्री केली. त्या ताज्या पाण्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावला, पिशवी तरंगवून तापमान सारखं केलं आणि मग ॲनिमोन हाताने अलगद उचलून त्यात सोडला. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. अमोनियाचा प्रश्न तिथेच संपला.

आता खारेपणा. एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला चार-पाच थेंब या वेगाने बादलीत सोडलं, सलाइन लावतात तसं. बादलीतलं पाणी दुप्पट व्हायला दोन-अडीच तास लागतात. दुप्पट झालं की निम्मं काढून टाकायचं आणि पुन्हा थेंब सुरू. दर फेरीला फरक निम्मा होतो: 1.019 वरून 1.022, मग 1.0235, मग 1.024 च्या थोडं वर. पाणी न काढता नुसतं भरत राहिलात तर बादली वाहायला लागेल आणि आकडा मात्र हलता हलणार नाही.

हे सगळं मे महिन्यात. जमिनीवर ठेवलेली बादली बघता बघता 30 अंशांवर जाते. म्हणून ती बेडरूममध्ये नेली आणि एसी 26 वर लावला. टाकीचं पाणी तिथवर आणायला कॅन भरून स्टुलावर चढवला. सासूबाई दारात आल्या, म्हणाल्या, "अगं, पाण्यातलंच ना ते? मग पाण्यात सोडायला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "आई, त्या दुकानवाल्याने नुसता आकडा सांगितला असता ना, तर मी बादली आधीच तयार ठेवून गेले असते." त्या तिथेच खुर्ची घेऊन बसल्या आणि मला जेवून घ्यायला पाठवलं. परत आले तर सांगतात, "थेंब मंद झाले होते, गाठ जरा सैल केली." मध्यरात्र उलटेपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीने बसलो. शेवटच्या फेरीत त्याने टेंटॅकल्स बाहेर काढले तेव्हा मला रडूच आलं.

पुढच्या वेळी मी रिफ्रॅक्टोमीटर पर्समध्ये टाकून जाणार आहे. एक थेंब पुरतो, दुकानदाराला कितीही राग येवो. पण रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रवावर जुळवून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावून समाधान मानू नका. काट्याच्या हायड्रोमीटरवर (खारेपणा मोजायचं स्वस्तातलं साधन) मी विसंबत नाही, बुडबुडा चिकटला की तो चुकीचं दाखवतो. आणि शक्य असेल तर दुकानाऐवजी एखाद्या शौकिनाकडे दुभंगलेला ॲनिमोन मिळतो का पाहा. बबल टिप टाकीत स्वतःहून दोन होतो. असा टाकीतच वाढलेला लवकर रुळतो, आणि टाकीचा मालक आपली सॅलिनिटी आनंदाने सांगतो.

टाकीत सोडल्यानंतरचं फारसं काही नाही. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंखा) बंद करून दगडांच्या एका खोल फटीशी ठेवला, पायाने पकड घेतल्यावर प्रवाह सुरू केला. दिवे निम्म्यावर आणून हळूहळू वाढवले. तो थोडा फिरला आणि स्वतःची जागा निवडून बसला. फिरू द्यावं, पुन्हा पुन्हा उचलून ठेवू नये. मात्र वेव्हमेकरला आणि ओव्हरफ्लोला (टाकीतलं पाणी बाहेर जाण्याची जागा) आधीच स्पंज किंवा जाळी लावा. पंख्यात अडकलेला ॲनिमोन स्वतः मरतो आणि टाकीही नासवतो. मध्येच तो चिमून लहान होतो, तपकिरी घाण टाकतो, तेव्हा घाबरू नका. तोंड सतत उघडं, अंग विरघळतंय आणि पाण्याला सडका वास येतोय, असं झालं तर मात्र ताबडतोब बाहेर काढा.

पहिला आठवडाभर खाणं दिलं नाही. नंतर कोळणीकडची ताजी कोळंबी, मीठ-हळद न लावलेली, नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा. ॲनिमोनमध्ये आसरा घेणाऱ्या क्लाउनफिश माशांची जोडी त्याच्यात लगेच शिरेल असं गृहीत धरू नका, आमच्याकडे त्यांनी खूप वेळ घेतला. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली होती तेव्हापासून माझ्याकडे तो कायम चार्ज केलेला असतो. आणि माशांना पांढरे ठिपके आले म्हणून टाकीत तांबं असलेलं औषध कधीही घालू नका, ॲनिमोन त्याने मरतो. मासे वेगळ्या टाकीत काढून तिथेच उपचार करा, आणि ती टाकी, तिची नळी, तिची जाळी पुन्हा ॲनिमोनच्या पाण्यात वापरू नका.