दिल्येहेच्या नजरेआड

मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहते. ग्रँड कॅन्यन बघायला येणारे पाहुणे मे-जूनमध्ये हमखास विचारतात, "इथल्या मूळच्या नवाहो आदिवासींच्या नक्षत्रांना काय अर्थ असतो गं? एखादी गोष्ट सांग ना!" मी टाळते. नखरे नाहीत हे. त्या गोष्टी थंडीतच सांगायच्या असतात. साप-अस्वलं निजली की सुरू, वर्षातला पहिला गडगडाट झाला की बंद. आता डिसेंबर आहे आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

उत्तरेकडे बघा. आपले सप्तर्षी म्हणजे त्यांचा नाहोकोस बिकाई, फिरणारा पुरुष. पलीकडची शर्मिष्ठा ही नाहोकोस बिआदी, त्याची बायको. मधला ध्रुव म्हणजे त्यांच्या घरातला विस्तव. होगान हे त्यांचं जुन्या पद्धतीचं घर: लाकूड-मातीचं, दार पूर्वेला, मधोमध विस्तव, वर धुराला भोक. हे जोडपं त्या विस्तवाभोवती फिरत राहतं, त्याला सोडून जात नाही. त्यावरून नियम असा की एका विस्तवापाशी एकाच जोडप्याने संसार करायचा. सासू-सुनांच्या मालिका बघत वाढलेल्या मला हा नियम भलताच शहाणपणाचा वाटतो.

कृत्तिका म्हणजे दिल्येहे. मेच्या सुरुवातीला त्या संध्याकाळच्या आकाशातून दिसेनाशा होतात आणि जूनअखेरीस पहाटे पूर्वेला उगवतात. तोवर मका पेरून मोकळं व्हायचं. पेरताना दिल्येहेच्या नजरेला पडू नये, असं तिथली म्हातारी माणसं बजावतात. कारण साधं आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटात पसरलेला त्यांचा मुलूख बराचसा उंच पठारावर आहे, कडाक्याची थंडी लवकर येते आणि उशिरा पेरलेलं कणीस भरतच नाही. आपल्याकडे मृगावर पेरणी होते तेव्हाही मृग सूर्यापाशी असल्यामुळे दिसत नाहीच की!

याच कृत्तिका काळ्या देवाच्या, म्हणजे त्यांच्या अग्निदेवाच्या, मुखवट्यावर कानशिलाशी काढतात. तारे तोच एकेक करून मांडत होता. कोयोटीला, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या जनावराला, धीर निघेना. त्याने उरलेले सगळे हिसकावून आकाशात उधळून दिले. म्हणून नावं मोजक्याच ताऱ्यांना, बाकीचे नुसतेच पसरलेले. स्वतःसाठी मात्र त्याने एक तारा ठेवला. कुठला, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. काहीजण अगस्त्य दाखवतात. महाराष्ट्रातून थंडीत सहज दिसणारा हा तारा तिथे दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम डोकं वर काढतो आणि थोड्या वेळात मावळतो.